दोन विमानांमधलं घाटकोपर

लोणावळा हाउसफुल्ल, मॉलमध्ये तोच एसी आणि तेच सेल. ‘या वीकएण्डला काय?’ या सनातन प्रश्नावर माझ्याकडे एक उत्तर आहे. त्याला पेट्रोल लागत नाही आणि बुकिंगही लागत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो पकडा आणि उजव्या बाजूच्या दाराशी उभे राहा. रविवार असेल तर आरामात उभं राहता येईल. सोमवार असेल तर गर्दीच तुम्हाला उभं धरेल. साकीनाका सुटलं की बाहेर बघा. इमारतींच्या फटींमधून एक विमान चाकं खाली सोडून उतरताना दिसेल. ते गेलं की लगेच घड्याळ बघा आणि पुढचं कधी येतं ते मोजा.

विमानं सगळेच बघतात. मला वेड लागलंय ते दोन विमानांच्या मधल्या रिकाम्या जागेचं. त्या जागेला एटीसीच्या भाषेत ‘सेपरेशन’ म्हणतात. आपल्या उपनगरांच्या डोक्यावर ती दिवसरात्र पुढे सरकत असते आणि तिच्या खाली आपण वडापाव खात, ईएमआय भरत, लोकलला लटकत जगत असतो.

पण आधी जुहू. अंधेरीला उतरून रिक्षा केलीत तर दहा-पंधरा मिनिटांत (रिक्षावाला तयार झाला तर!) जुहू एरोड्रोमच्या कुंपणाशी पोचाल. हे 1928 सालचं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, हे आपल्याला माहीत असतं. फारसं कोणी सांगत नाही ते असं, की जुहूची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाची मुख्य धावपट्टीही पूर्व-पश्चिमच. दोघी जवळपास समांतर, आणि उत्तर-दक्षिण मोजलं तर त्यांच्यात साधारण एका किलोमीटरचं अंतर. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसणार जुहू!

व्हायचं तेच झालं. 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात हायफाय जेट विमान, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते नंतर तिथून उडवून नेता आलं. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने हाच घोळ केला. तेव्हा मात्र धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. ते पुढे घुसलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. आपण बोरिवली स्लो समजून विरार फास्टमध्ये चढतो तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की तिथे उतरून परतीची गाडी पकडता येते.

समांतर धावपट्ट्यांची भानगडच अशी आहे. त्या असल्या की क्षमता वाढते, पण त्यांच्यात पुरेसं अंतर असावं लागतं. दोन धावपट्ट्यांवर दोन विमानं एकाच वेळी, एकमेकांची पर्वा न करता उतरवायची असतील, तर त्यांच्या मध्यरेषांत किमान 1035 मीटर अंतर हवं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एवढं असूनही दोन्ही विमानं आपापल्या सरळ रेषेत नीट बसेपर्यंत त्यांना वर-खाली 1000 फूट किंवा बाजूबाजूला 3 सागरी मैल दूर ठेवतात. रेषेत बसली की मग मधे 610 मीटर रुंदीचा एक अदृश्य पट्टा असतो, ‘नो ट्रान्सग्रेशन झोन’. त्यात कुणीच शिरायचं नाही. एखादं विमान चुकून तिकडे वळलं, तर कंट्रोलर शेजारच्याला ताबडतोब बाजूला काढतो. म्हणजे ज्याची काहीच चूक नाही, त्यालाच आधी पळायला सांगतात. जगरहाटी म्हणा.

आता 1035 मीटर म्हणजे किती? मेट्रो वनची लांबी 11.4 किलोमीटर, स्टेशनं 12, म्हणजे टप्पे 11. भागाकार करा. सरासरी टप्पा येतो साधारण 1036 मीटर! योगायोगच, पण मला तो फार आवडला. एक विमान मरोळ नाक्यावर आणि एक साकीनाक्यावर, दोन्ही शेजारी शेजारी, ताशी अडीचशेच्या पुढच्या वेगाने, पावसात, ढगात उतरतायत असं डोळ्यासमोर आणा. दुसऱ्या स्टेशनच्या गाडीला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत असल्यामुळे ते जास्तच जवळ वाटतं.

आपल्या सांताक्रूझला मात्र ही चैन नाही. धावपट्ट्या दोन आहेत, पण समांतर नाहीत, चक्क एकमेकींना छेदतात. मुख्य 09/27 साधारण 3.4 किलोमीटरची, दुसरी 14/32 साधारण 2.9 किलोमीटरची. कैचीच्या दोन पात्यांसारख्या त्या पडल्यात. दोन्हींवर एकदम मनासारखी विमानं सोडायची सोय नाही, त्यामुळे काम चालतं एका वेळी एकीवरच. मुख्य धावपट्टी देखभालीसाठी बंद असली की दुसरीची पाळी. तिसरी बांधायला जागा कुठे आहे? एका बाजूला कुर्ला, एका बाजूला विलेपार्ले, आणि कुंपणाला टेकून जरीमरीच्या वस्त्या.

आणि या एका धावपट्टीवर आपण काय काय करून दाखवलंय! 11 नोव्हेंबर 2023 ला, दिवाळीच्या गर्दीत, 24 तासांत 1032 विमानं उतरली-उडाली. सरासरी काढली तर दर 84 सेकंदांना एक. त्याआधी 5 जून 2018 ला 1003 झाली होती. पेपरांत ‘विक्रम’ म्हणून मथळे आले, आपण अभिमानाने व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केले. मलाही तेव्हा भारी वाटलं होतं. पण लोकलच्या डब्यात किती माणसं कोंबली याचा विक्रम आपण साजरा करत नाही ना? मग इथे का करायचा, हा प्रश्न मला असल्फ्याच्या गच्चीवर पडला.

असल्फ्याला माझी मावशी राहते. मेट्रोतून जी रंगवलेली घरांची टेकडी दिसते (2018 च्या सुमारास तिचे फोटो सगळीकडे फिरत होते), तिच्या जवळच. तिच्या गच्चीवरून विमान डोक्यावर दिसत नाही, जवळजवळ समोर दिसतं. खिडक्यांची रांग, पोटाखालचे दिवे, सगळं. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. त्यामुळे ती ठाणे खाडीवरून, घाटकोपरवरून येतात. वारा उलटला की येणं-जाणंही उलटतं आणि मावशीकडे शांतता होते. मग ती म्हणते, “आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.”

तिच्याकडे बोलण्याचाच एक ताल आहे. फोनवर असो, भांडणात असो, विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे थांबवायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचं. “अगं, त्या पाटणकरांच्या मुलीचं...” (विमान) “...मोडलं म्हणे.” मधला सस्पेन्स एकता कपूरलाही जमणार नाही.

तर त्या गच्चीवर चहा घेत मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसले होते. गॅप कधी दीड मिनिट, कधी दोन, मधेच एकदा चक्क चार. मला वाटलं होतं यात काही लयच नाही. मग हळूहळू वाचत, फ्लाइटरडारवर बघत हिशेब कळला.

उतरणारं विमान साधारण 3 अंशांच्या उतरणीवरून येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर खाली. घाटकोपर स्टेशन धावपट्टीच्या टोकापासून सरळ रेषेत अडीच-पावणेतीन किलोमीटरवर. गणित केलं तर तिथे विमान असतं सुमारे दीडशे मीटरवर, पन्नास मजली टॉवरएवढ्या उंचीवर. आता त्याच्या मागचं विमान किती लांब हवं? विमानतळाजवळ रडारवर 3 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंत जवळ आणायची मुभा देता येते. पण पुढचं विमान बोइंग 777 सारखं ‘हेवी’ असेल आणि मागचं आपलं नेहमीचं एअरबस 320, तर 5 सागरी मैल हवेत. कारण मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे उरतात. ते दिसत नाहीत, पण लहान विमानाला कलंडवू शकतात. 5 सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, सरळ रेषेत जवळपास घाटकोपर ते मुलुंड. एकाची चाकं धावपट्टीला टेकतात तेव्हा दुसरं अजून खाडीवर, नवी मुंबईच्या किनाऱ्यापाशी असतं. ऐकायला भरपूर वाटतं ना? त्या वेगाला ते अंतर दोन-सव्वादोन मिनिटांचं आहे. घाटकोपर ते मुलुंड, दोन मिनिटांत!

आणि ही गॅप नुसती उतरणाऱ्यांची नाही. धावपट्टी एकच, त्यामुळे दोन उतरणाऱ्यांच्या मधे एक उडणाराही घुसवायचा असतो. पहिलं उतरलं, वेग कमी करून बाजूच्या रस्त्याला वळलं. लगेच दुसरं धावपट्टीवर आलं, पळालं, उडालं. तोवर तिसरं मावशीच्या गच्चीसमोर. सर्वसाधारण नियम असा, की उडणारं विमान धावपट्टीचं पलीकडचं टोक ओलांडून गेल्याशिवाय किंवा वळल्याशिवाय उतरणाऱ्याने अलीकडचं टोक ओलांडायचं नाही. हा नियम ठरावीक परिस्थितीत सैल करता येतो, पण तोही मीटर मोजून. त्या दिवशीची माझी चार मिनिटांची गॅप म्हणजे बहुधा टॉवरने रांगेतली दोन विमानं पाठोपाठ सोडली असणार.

लोकलशी तुलना करून बघा. पुढे गाडी असेल तर मोटरमन सिग्नलला उभा राहतो. आपण शिव्या घालतो, कुर्ला-शीवच्या मधे घामाघूम होतो, पण गाडी उभी राहू शकते. विमानाला सिग्नलला उभं राहता येत नाही. त्याला थांबायचं म्हणजे फिरत राहायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं, की मुंबईवर विमानं 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालतात आणि तासाभरात एक विमान सरासरी 2000 किलो इंधन जाळतं. म्हणून गर्दीच्या वेळी तासाला 46 ऐवजी 44 आणि इतर वेळी 44 ऐवजी 42 विमानं, अशी कपात केली गेली. दोनच विमानं, पण हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेतीन सेकंद जास्त आले. तिकिटं महागणार, स्लॉट जाणार म्हणून कंपन्या वैतागल्या. मी मात्र त्या साडेतीन सेकंदांच्या बाजूने आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं टेन्शन कशाला, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. अर्धं खरं आहे. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन समोरासमोर आदळलं. एकाला 14 हजार फूट उंची दिली होती, दुसऱ्याला 15 हजार. मधले हजार फूट कझाक विमानाने पाळले नाहीत आणि 349 माणसं गेली. त्यानंतर भारतात टीकॅस हे यंत्र सक्तीचं झालं. दोन विमानं धोकादायकरीत्या जवळ आली तर ते दोन्ही वैमानिकांना ओरडून सांगतं, तू वर जा, तू खाली जा. पण गंमत म्हणा किंवा काही म्हणा, जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली टीकॅस हे हुकूम देणं बंद करतं. तिथे वर-खाली पळायला जागाच नसते आणि खोटे इशारे जास्त महागात पडतील.

खाडी ओलांडून विमान घाटकोपरच्या हद्दीत येतं ते याच उंचीच्या खाली. म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्गापासून धावपट्टीपर्यंत, आपल्या घरांवरून जाताना, ती गॅप टीकॅस सांभाळत नसतं. विलेपार्ल्याजवळ हायवेवरून जो 84 मीटर उंच टॉवर दिसतो, त्यातल्या माणसांच्या आणि दोन वैमानिकांच्या नजरेवर ती चालते. हे वाचल्यापासून मी मावशीच्या गच्चीवर पहिल्यासारखी निवांत बसत नाही.

8 जून 2024. (बरोबर दहा वर्षांपूर्वी, 8 जून 2014 ला, मेट्रो वन सुरू झाली होती.) त्या दिवशी धावपट्टी 27 वरून एअर इंडियाचं तिरुअनंतपुरमला जाणारं विमान उडत होतं. अजून ते जमिनीवरून उचललं जात होतं, तेवढ्यात मागे त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकलं. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, एकामागे एक. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, देशभर फिरला. इंडिगोने सांगितलं, आमच्या वैमानिकाने एटीसीच्या सूचना पाळल्या. एअर इंडियाने सांगितलं, आम्हाला उड्डाणाची परवानगी होती. डीजीसीएने चौकशी सुरू केली आणि संबंधित एटीसी कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला केलं. कुणाला खरचटलंही नाही.

लक्षात घ्या, तासाला 44 ची मर्यादा आधीच आली होती. तरी हे झालं. कमी संख्येने श्वास घ्यायला जागा मिळते, पण प्रत्येक जोडीमधली गॅप प्रत्येक वेळी नव्याने, हाताने ठेवावी लागते. दिवसातून हजारदा. आपल्या ऑफिसात एक्सेलची एक ओळ चुकली तर सॉरीची मेल जाते. तिथे एका माणसाने एक परवानगी दहा-पंधरा सेकंद उशिरा किंवा लवकर दिली की देशभर व्हिडिओ. त्याला बाजूला करणं योग्यच असेल. पण 84 सेकंदांचं वेळापत्रक ज्यांनी आनंदाने आखलं, त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

घाटकोपरकरांना हे सांगायची गरज नाही. 28 जून 2018 ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक छोटं किंग एअर विमान सर्वोदय नगरमध्ये, जीवदया लेनमध्ये कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरून जाणारा एक जण गेले. त्याचा गॅपशी संबंध नव्हता. पण तेव्हापासून आवाज जरा वेगळा आला, की मावशीच्या गल्लीत चार माना वर जातात.

आता नवी मुंबईचं. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. तिथल्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, प्रत्येकी 3700 मीटरच्या, आणि त्यांच्यात अंतर 1550 मीटर. म्हणजे 1035 च्या नियमाच्या दीडपट. जुहू-सांताक्रूझने नकळत जे करून दाखवलं, ते तिथे ठरवून आणि नीट होणार. सुरुवात मात्र एकाच धावपट्टीने झाली. शिवाय दोन्ही विमानतळ सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर हे अंतर वाशी पुलावर दोन तास खातं, आकाशात पाच-सहा मिनिटं. दोघांच्या उतरत्या-चढत्या रांगा एकाच आभाळात एकमेकींपासून सुट्या ठेवायच्या, हे नवं काम कंट्रोलरच्या पदरात पडलंय.

त्या संध्याकाळी, उजेड जाता जाता, गच्चीवरून मला हवं ते दिसलं. खाडीकडून एक विमान आलं, दिवे लावून, चाकं सोडून, नेहमीसारखं. समोर आलं आणि अचानक इंजिनांचा आवाज चढला. नाक वर झालं, चाकं पोटात गेली आणि ते न उतरता तसंच वर समुद्राकडे निघून गेलं. याला गो-अराउंड म्हणतात. पुढची धावपट्टी मोकळी झाली नसेल, वारा फिरला असेल, काहीही. आतल्या दीड-दोनशे जणांच्या पोटात गोळा आला असणार. कुणीतरी ‘आता अर्धा तास गेला’ म्हणून वैतागलं असणार, कुणी देवाचं नाव घेतलं असणार.

“हे का गेलं गं परत?” मावशीने विचारलं.

“पुढे जागा नसेल.”

“मग बरंच झालं की,” ती म्हणाली आणि पाटणकरांच्या मुलीचा उरलेला किस्सा सांगायला लागली.

मी स्टॉपवॉच चालूच ठेवलं होतं. साधारण वीस मिनिटांनी एक विमान खाडीकडून आलं. फ्लाइटरडारवर नंबर बघितला, तेच होतं. या वेळी उतरलं.

जायचं असेल तर: मेट्रो वन, स्टेशन असल्फा किंवा जागृती नगर. पावसाळ्यात ढग खाली असतात तेव्हा विमान अचानक ढगातून बाहेर पडतं, तो नजारा सॉल्लिड. फोटो काढायचे तर दुरून, कुणाच्या तरी गच्चीवरून काढा. विमानतळाच्या कुंपणाला चिकटून कॅमेरा रोखलात तर पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी ठेवा. चहा-भजी घाटकोपर स्टेशनबाहेर कुठेही. मावशीच्या गच्चीचा पत्ता मात्र मिळणार नाही.